घर मोजू नका, गल्ली मोजा

प्रति,
शहरांचे आयुक्त, आरोग्य अधिकारी आणि साथीच्या काळात आदेशांवर सही करणारे सर्वजण,

सविनय नमस्कार.

साथ आली की तुमच्या कार्यालयातून निघणारा पहिला कागद बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. घराबाहेर पडू नका. एकमेकांपासून अंतर ठेवा. साबणाने वारंवार हात धुवा. घरात कोणी आजारी असेल तर त्याला वेगळ्या खोलीत ठेवा, त्याचे शौचालय वेगळे ठेवा. या सूचनांमध्ये वैद्यकीयदृष्ट्या चूक काहीच नाही. मी बरीच वर्षे दाट वस्त्यांमध्ये दारोदार फिरून तापाचे, जुलाबाचे, खोकल्याचे रुग्ण शोधण्याचे काम केले आहे आणि हा कागद मी स्वतः शेकडो दारांवर चिकटवला आहे. चिकटवताना दरवेळी एकच अडचण समोर येते. दाराच्या आत एकच खोली असते. स्वयंपाक, झोप, मुलांचा अभ्यास, घरबसल्या करायचे काम आणि आजारपण, सगळे त्या एका खोलीत. नळ बाहेर, दहा-वीस कुटुंबांत मिळून एक. शौचालय त्याहून लांब आणि सकाळी तिथे रांग. गल्ली इतकी अरुंद की समोरून कोणी आले तर एकाने भिंतीला चिकटून उभे राहायचे. कागद वाचून बाई विचारते, "हे सगळं करायचं कुठे?" आणि माझ्याकडे उत्तर नसते.

जगात आज शंभर कोटींहून जास्त माणसे अशा वस्त्यांत राहतात. आदेश लिहिताना ज्यांचा वेगळा विचार नंतर कधीतरी करता येईल, असा हा छोटा गट नाही. अनेक महानगरांत तर शहर चालवणारी निम्मी माणसे इथेच झोपायला येतात.

माझे म्हणणे एकच आहे आणि ते सुरुवातीलाच सांगते. दाट वस्तीत साथ रोखायची असेल तर घर हे एकक सोडून द्या आणि गल्ली हे एकक धरा. ज्या कुटुंबांचा नळ एक, शौचालय एक, गटार एक, ती सगळी कुटुंबे रोगाच्या हिशेबात एकच कुटुंब आहेत. रुग्ण शोधणे, पाणी तपासणे, लस देणे, विलगीकरण आणि आर्थिक मदत, या सगळ्याचे नियोजन त्या एककावर झाले तर ते टिकते. एकेका घरावर केले तर ते कागदावर राहते.

हे मी पुस्तकात शिकले नाही. एका वस्तीत जुलाबाची साथ सुरू होती. दोन दिवस घरोघर फिरून आम्हाला जेमतेम चार रुग्ण सापडले. "घरात कोणाला जुलाब होताहेत का?" असे विचारले की दारातली बाई मान हलवून नाही म्हणायची. हो म्हटले की नाव वहीत जाणार, माणसाला उचलून नेणार, रोजंदारी बुडणार, शेजारी बोलणार. हे तिला माहीत होते आणि तिचे काही चुकत नव्हते. तिसऱ्या दिवशी सार्वजनिक शौचालयाची देखभाल करणाऱ्या माणसाने मला बाजूला बोलावले. म्हणाला, "ताई, पहाटेपासून या अंगाच्या गल्लीतली माणसं चार-चार वेळा येताहेत. त्या अंगाची नाही." आमची दोन दिवसांची पाहणी त्याने दोन वाक्यांत पुरी केली. दोन्ही गल्ल्यांचे पाणी वेगवेगळ्या जोडण्यांवरून येत होते आणि त्यातल्या एका जोडणीचा पाइप भर गटारातून गेला होता. जोड गंजला होता. पाइप बदलला, टाकीत क्लोरीन टाकले, आठवड्यात नवे रुग्ण येणे थांबले.

तो माणूस तुमच्या कोणत्याही पाहणी-यंत्रणेत नाही. त्याला फोन करायला कोणाचा नंबर दिलेला नाही. मला वाटते, दाट वस्तीतली सर्वांत लवकर मिळणारी बातमी त्याच्याकडे असते. त्याच्या खालोखाल ती असते औषधाच्या दुकानदाराकडे, कारण जुलाबाच्या आणि तापाच्या गोळ्या अचानक दुप्पट जायला लागल्याचे त्याला त्याच दिवशी कळते. मग वस्तीतल्या छोट्या दवाखान्याचा डॉक्टर, मग शाळेतली शिक्षिका, जिच्या हजेरीपटावर एकाच गल्लीतली पाच मुले गैरहजर दिसतात. सरकारी रुग्णालयाचा आकडा तुमच्या टेबलावर येईपर्यंत या चौघांना साथ कळून आठवडा झालेला असतो. या चौघांना रोज एक फोन करायला फार मोठा खर्च लागत नाही. लागतो तो मान. त्यांनी सांगितलेले खरे धरून त्याच दिवशी कोणीतरी तिथे पोचले पाहिजे, नाहीतर दुसऱ्यांदा ते सांगणार नाहीत.

अजून एक साक्षीदार आहे, सांडपाणी. मुंबईत २००१ पासून पोलिओच्या विषाणूसाठी सांडपाण्याचे नमुने तपासले जात आहेत. एकाही मुलाला लुळेपणा आलेला नसताना विषाणू वस्तीत फिरतो आहे हे गटार सांगू शकते. सांडपाणी कोणाचे नाव विचारत नाही, कोणाला घाबरवत नाही. करोनाच्या काळात अनेक देशांनी हीच पद्धत वापरली. वस्तीच्या मुख्य गटारांवर असे नमुने नियमित घेणे हे आता चैनीचे काम राहिलेले नाही.

लंडनमध्ये १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात कॉलऱ्याने सहाशेहून जास्त माणसे गेली. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंच्या नोंदी तपासल्या आणि एका सार्वजनिक पंपाकडे बोट दाखवले. ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढला गेला. मृत्यूंचा प्रसिद्ध नकाशा स्नो यांनी त्यानंतर मांडला. ही गोष्ट आरोग्यशास्त्राच्या प्रत्येक वर्गात शिकवली जाते. तिचा दुसरा अर्धा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. त्या भागातले तरुण धर्मगुरू हेन्री व्हाइटहेड यांना स्नोंचे म्हणणे पटले नव्हते. ते खोडून काढायला म्हणून ते घरोघर गेले, एकाच कुटुंबाकडे पुन्हापुन्हा गेले, कारण ती माणसे त्यांना ओळखत होती. त्यातून त्यांना साथीच्या आरंभीचे एक आजारी तान्हे बाळ सापडले. आईने त्याचे मळलेले कपडे धुतलेले पाणी घरासमोरच्या मैलाखड्ड्यात टाकले होते. तो खड्डा खणून पाहिला तर त्याच्या विटा ढासळलेल्या आणि त्या पंपाची विहीर तिथून जेमतेम तीन फुटांवर. व्हाइटहेड यांचे मत बदलले. नकाशा डॉक्टरांनी काढला, पण खड्ड्यापर्यंत पोचवले ते ओळखीच्या माणसाने. तुमच्याकडे नकाशे भरपूर आहेत. ओळखीची माणसे तुम्ही नेमता का, हा माझा प्रश्न आहे.

आता पाण्याबद्दल थोडे सविस्तर, कारण जुलाब, कॉलरा, विषमज्वर, कावीळ आणि डेंग्यू या सगळ्यांच्या मुळाशी वस्तीत तेच आहे. दिवसातून तास-दोन तास पाणी येते तिथे उरलेले बावीस तास पाइप रिकामा असतो. रिकाम्या पाइपात दाब नसतो. मग जिथे भेग असते तिथून आजूबाजूचे पाणी आत झिरपते, आणि वस्तीत पाइपाच्या आजूबाजूचे पाणी म्हणजे गटार. पाणी सुटले की पहिल्या काही मिनिटांत हेच घाणेरडे पाणी नळाला येते. दाब कमी म्हणून लोक मोटर लावून ओढतात, त्याने आणखी घाण आत खेचली जाते. जलशुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी उत्तम असूनही शेवटच्या गल्लीत आजार पोचतो तो असा. म्हणून क्लोरीनची तपासणी टाकीपाशी करून भागत नाही. साथीच्या काळात लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम उरलेला क्लोरीन शेवटच्या नळाला मिळाला पाहिजे. तिथे तो नसेल तर टाकीपाशी घेतलेल्या नोंदीला काही अर्थ नाही. तपासायला लागणारे साधन खिशात मावते आणि वापरायला पाच मिनिटांत शिकवता येते. प्रत्येक गल्लीतल्या दोन बायकांना ते शिकवा. नळाची रोजची वेळ त्यांना पाठ असते, तुमच्या कर्मचाऱ्याला नसते.

पाणी थोडा वेळ येते म्हणून लोक पिंपे भरून ठेवतात. आणि पिंपांत डेंग्यूचा डास होतो. या एडिस डासाला घाण पाणी नको असते, त्याला हेच घरातले स्वच्छ, साठवलेले पाणी आवडते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून आतून घासायचे असते. नुसते ओतून चालत नाही, कारण अंडी कडेला चिकटून राहतात आणि कोरड्यात कित्येक महिने टिकतात. पण ज्या बाईने पहाटे चारला उठून ते पिंप भरले आहे, तिने ते ओतून द्यावे असे आपण सांगतो, आणि उद्या पाणी नक्की येईल याची हमी देत नाही. उलट पाणी साठवले म्हणून तिच्यावर दंड लावतो. हे मला अन्यायाचे वाटते. घट्ट झाकणे वाटा, पिंप घासण्याच्या दिवशी त्या गल्लीला जास्तीचे पाणी सोडा, मग पाहा किती पिंपे घासली जातात ते. धूरफवारणीवर होणारा खर्च यासाठी वळवता येईल. धूर लोकांना दिसतो, छायाचित्रात छान येतो, पण तो त्या क्षणी उडणाऱ्या डासांपुरता असतो. पिंपातल्या अळ्यांना त्याने काही होत नाही.

जुलाबाच्या साथीत माणूस दगावतो तो शरीरातले पाणी आणि क्षार संपल्याने. कॉलऱ्याच्या गंभीर रुग्णाला उपचार मिळाले नाहीत तर काही तासांत त्याचा जीव जाऊ शकतो. वेळेत उपचार मिळाले तर शंभरातला एकही जाऊ नये, आणि बहुतेकांना जलसंजीवनी पुरते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा मिसळलेले पाणी पिंपांतून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितले. छावणीतले कॉलऱ्याच्या रुग्णांमधले मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ४ टक्क्यांच्या खाली आले. डॉक्टर कमी, खाटा नाहीत, चिखलात माणसे पडलेली, अशा जागी हे घडले. जलसंजीवनीची पाकिटे आरोग्य केंद्राच्या कपाटात कुलपात असतील तर मध्यरात्री जुलाब सुरू झालेल्या मुलाच्या ती काय कामाची? गल्लीतल्या एका घरी पन्नास पाकिटे कायम ठेवा आणि ते घर कोणते हे सगळ्यांना सांगा. मुलांना सोबत जस्ताच्या गोळ्या द्या. एवढ्याने जेवढे जीव वाचतात तेवढे नंतरच्या धावपळीने वाचत नाहीत.

करोनाच्या वेळचा एक आकडा मी विसरू शकत नाही. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत रक्ताचे नमुने तपासले गेले. वस्त्यांमधल्या सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे करोना होऊन गेल्याची खूण, सापडली. वस्त्यांबाहेर हे प्रमाण सुमारे १६ टक्के होते. शहर तेच, टाळेबंदी तीच, आदेशाचा कागद तोच. सर्वेक्षण करणाऱ्यांनीच याचे संभाव्य कारण म्हणून दाटी, सामायिक शौचालये आणि सामायिक नळ यांच्याकडे बोट दाखवले. वस्तीतली माणसे बेफिकीर होती म्हणून हे झाले असे त्या काळात फार जणांनी बोलून दाखवले. मी ती माणसे जवळून पाहिली आहेत. दारे बंद करून, तोंडाला रुमाल बांधून बसलेली, पण शौचालयाला तर जावेच लागत होते.

धारावीचे उदाहरण तेव्हा जगभर सांगितले गेले. सुमारे अडीच चौरस किलोमीटरमध्ये आठ-दहा लाख लोक, १ एप्रिल २०२० ला पहिला रुग्ण सापडला, मे महिन्यात संख्या वाढत गेली आणि जून-जुलैमध्ये उतरली. १० जुलैला जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालकांनी तिचा उल्लेख केला. पण तिथून काय शिकायचे हे नीट पाहायला हवे. तिथे संसर्गच थांबवला गेला, असे म्हणायला मी धजावणार नाही. मुंबईच्या इतर वस्त्यांतला ५७ टक्क्यांचा आकडा पाहिल्यावर तर नाहीच. वस्तीतली लोकसंख्या तरुण आहे, बरेच कामगार गावी परतले होते, याचाही परिणाम असणार. धारावीत खरोखर बदलली ती यंत्रणेची चाल. रुग्ण येण्याची वाट न पाहता यंत्रणा रुग्णाकडे गेली. वस्तीतच दवाखाने चालवणाऱ्या खासगी डॉक्टरांना सोबत घेतले, कारण लोक त्यांच्याकडे वर्षानुवर्षे जात होते आणि त्यांच्यापुढे खरे बोलत होते. सार्वजनिक शौचालयांचे दिवसातून अनेकदा निर्जंतुकीकरण झाले. एका खोलीत विलगीकरण होत नाही हे मान्य करून शाळा आणि सभागृहे विलगीकरणासाठी घेतली, तिथे जेवणाची सोय केली. म्हणजे घराऐवजी वस्तीला एकक धरले. माझ्या मते धारावीचा धडा तेवढाच आहे आणि तो पुरेसा मोठा आहे.

आता विश्वासाबद्दल, आणि इथे मला थोडे कठोर लिहावे लागेल.

ऑगस्ट २०१४ मध्ये लायबेरियाची राजधानी मोनरोव्हिया इथल्या वेस्ट पॉइंट या दाट वस्तीतल्या शाळेत इबोलाच्या संशयितांसाठी केंद्र उघडले. वस्तीला विचारले नव्हते. बाहेरचे रुग्ण आपल्या दारात आणून टाकले अशी लोकांची भावना झाली. १६ ऑगस्टला जमावाने केंद्र फोडले, रुग्ण निघून गेले, वापरलेल्या गाद्याही लोकांनी नेल्या. त्यानंतर सरकारने साऱ्या वस्तीला सैन्याचा वेढा घातला. आत अन्न महाग झाले, लोक बाहेर पडायला धडपडू लागले, सुरक्षा दलांनी गोळीबार केला आणि एका किशोरवयीन मुलाचा जीव गेला. दहा दिवसांत वेढा उठवावा लागला. पुढे कामाला आली ती वस्तीतल्याच लोकांची पथके, जी दारोदार जाऊन आजारी माणसे शोधत होती आणि घरच्यांना समजावत होती.

आपल्याला यासाठी आफ्रिकेपर्यंत जायचीही गरज नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात रँड यांच्या अधिपत्याखाली सैनिक घरांत घुसले, माणसांना ओढून छावण्यांत नेले, सामान बाहेर काढून जाळले. लोक रुग्ण लपवू लागले, प्रेते लपवू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री रँड यांच्यावर गोळी झाडली गेली, त्याचा इतिहास आपण शाळेत शिकतो. त्याच साथीत पुण्याच्या वेशीबाहेर सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी रुग्णांसाठी दवाखाना चालवला. सावित्रीबाई वयाची पासष्टी ओलांडल्यावरही स्वतः रुग्णांना आणायला जात होत्या. रुग्णांची सेवा करतानाच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. सैनिक दारात आले की रुग्ण लपवला जात होता आणि बाई आल्या की तो त्यांच्या हाती दिला जात होता. रोग एकच होता. तुमच्या आदेशाने दारात कोण येते, याने पुढचे सगळे ठरते. त्याच वर्षी केलेला साथरोग कायदा २०२० मध्येही लागू केला गेला, आणि त्यात अधिकाऱ्यांना अधिकार पुष्कळ आहेत. वस्तीला काय द्यायचे याबद्दल त्यात फारसे काही नाही.

म्हणून माझी विनंती आहे की वस्तीत तुमचे पहिले पाऊल काहीतरी देणारे असू द्या. अडथळे आणि दोरखंड लावण्याआधी पाण्याचा टँकर, साबण, जलसंजीवनी आणि ताप तपासणारी ओळखीची बाई पोचू द्या. रुग्णाच्या दारावर फलक लावू नका, हातावर शिक्के मारू नका. ज्याला विलगीकरणात न्यायचे आहे त्याला घरी कधी परत येणार, जेवण काय मिळेल, घरच्यांशी बोलता येईल का, हे आधी सांगा. आणि त्याची बुडालेली मजुरी द्या. यावर पैसे कुठून आणायचे असे मला अनेकदा विचारले गेले आहे. रोजंदारीवर जगणारा माणूस ताप अंगावर काढून कामाला जातो, गर्दीच्या वाहनातून जातो, आणि साथ त्याच्याबरोबर शहरभर फिरते. सात दिवसांची मजुरी त्यापेक्षा नक्कीच स्वस्त पडते. शिवाय मजुरी मिळते हे कळले की रुग्ण स्वतःहून येतात, शोधत बसावे लागत नाही.

गोवराबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्याचा उपाय आपल्याला पूर्ण ठाऊक आहे. लस न घेतलेल्या लोकांत गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना बाधित करू शकतो आणि पुरळ येण्याआधी चार दिवसांपासून तो पसरत असतो. म्हणून ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात. करोनाच्या वर्षांत नियमित लसीकरण मागे पडले आणि २०२२ च्या शेवटी मुंबईत, विशेषतः गोवंडीच्या परिसरात, मुले गोवराने दगावली. शहराची सरासरी चांगली दिसत असताना एका गल्लीत निम्मी मुले लसीविना असू शकतात. सरासरीत ती गल्ली दिसत नाही. आई कामावर असते त्या वेळेत लसीकरण सत्र ठेवले तर ती येणार कशी? सत्र संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी, गल्लीच्या तोंडाशी भरवा. लसीनंतर ताप येतो आणि आईचा एक दिवस बुडतो हे तिला आधी सांगा, सोबत औषध द्या. नकार देणाऱ्या बहुतेक घरांमागे मला हीच कारणे सापडली आहेत, अंधश्रद्धा फार क्वचित.

क्षयाचे दुखणे वेगळ्या जातीचे. ती साथ कधी संपतच नाही, म्हणून तिला कोणी साथ म्हणत नाही. खिडकी नसलेल्या खोलीत एकाचा खोकला सगळ्यांच्या छातीत जातो. मुंबईतल्या काही पुनर्वसन वसाहतींमध्ये झालेल्या अभ्यासातून दिसले की जिथे इमारती एकमेकींना चिकटून उभ्या केल्या आणि ऊन-वारा घरात पोचत नाही, तिथे क्षयाचे प्रमाण जास्त आहे. म्हणजे आडवी दाटी उभी केली एवढेच झाले. पुनर्वसनाच्या आराखड्यावर आरोग्य अधिकाऱ्याची सही लागते का? लागत नसेल तर लागायला हवी.

हे सगळे होऊ शकते, हे मी भाबडेपणाने म्हणत नाही. कराचीच्या ओरंगी वस्तीत १९८० मध्ये डॉ. अख्तर हमीद खान यांनी काम सुरू केले ते गल्लीगल्लीने. प्रत्येक गल्लीतल्या वीस-तीस घरांनी एकत्र यायचे, आपला प्रतिनिधी निवडायचा, घरातले शौचालय आणि गल्लीतली गटारवाहिनी स्वतः वर्गणी काढून बांधायची. तांत्रिक मदत प्रकल्पाची. हजारो गल्ल्यांनी ते केले. मात्र मोठी गटारे आणि शुद्धीकरण केंद्रे सरकारनेच बांधायची होती. गल्ली आपला वाटा उचलते, पण मुख्य वाहिनी ती बांधू शकत नाही, हे कृपया विसरू नका. लोकसहभाग म्हणून तुमची जबाबदारी आमच्या अंगावर टाकू नका.

सुरतेत १९९४ मध्ये प्लेगच्या बातमीने लाखो लोक शहर सोडून पळाले. पुढच्याच वर्षी आयुक्त म्हणून आलेले एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी कार्यालयाबाहेर, रस्त्यावर आणि वस्त्यांत उभे केले, आणि काही वर्षांत ते शहर देशातल्या स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. आपल्या देशाने पोलिओसाठी प्रत्येक घराच्या दारावर खडूने खूण केली, स्थलांतरित मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यासुद्धा यादीत घेतल्या, आणि जानेवारी २०११ नंतर पोलिओच्या मूळ विषाणूचा एकही रुग्ण सापडला नाही. गल्लीनिहाय यादी करायला आपल्याला येते. ती आपण एका आजारापुरती करतो आणि मोहीम संपली की फेकून देतो.

माझे मागणे मोठे नाही. पुढची साथ येण्याआधी प्रत्येक दाट वस्तीची गल्लीनिहाय वही तयार करा. कोणत्या गल्लीला कोणत्या जोडणीचे पाणी, किती वाजता, किती कुटुंबांमागे एक शौचालय, रात्री तिथे दिवा लागतो का, कोणती मुले लसीविना, कोण क्षयाच्या औषधांवर, कोण गरोदर, कोणाला उचलूनच न्यावे लागेल. त्या वहीत रुग्णांची नावे फक्त आरोग्यसेविकेला दिसतील अशी काळजी घ्या, ती पोलिसांकडे किंवा झोपड्या पाडणाऱ्या खात्याकडे जाणार नाही असे लेखी द्या, कारण लोकांना भीती त्याचीच वाटते. अनधिकृत वस्तीला पाणी देता येत नाही असे उत्तर मला अनेक टेबलांवर मिळाले आहे. जंतूला घराचा दाखला लागत नाही, निदान साथीच्या काळात तरी पाण्यासाठी तो मागू नका. दारोदार फिरणाऱ्या सेविकांना वेळेवर मानधन, हातमोजे, मुखपट्ट्या आणि आजारपणाची रजा द्या. साथीत पहिली आजारी पडते ती बहुतेकदा तीच, आणि तिच्याजागी दुसरी कोणी नेमलेली नसते.

आणि वही करण्याआधी एकदा स्वतः या. पत्रकार नकोत, ताफा नको. पाणी सुटण्याच्या वेळेला, मग ते पहाटे चार का असेना, वस्तीतल्या शेवटच्या नळापाशी पाऊण तास उभे राहा. पहिल्या पाच मिनिटांत येणारे पाणी एका पांढऱ्या बाटलीत भरून घ्या आणि त्यातला क्लोरीन तपासा. मग शौचालयाची देखभाल करणाऱ्या माणसाला विचारा, कोणत्या अंगाची गल्ली जास्त वेळा येते. तुम्ही दिवस कळवा, मी सोबत येईन.

आपली,
दाट वस्त्यांत काम करणारी एक आरोग्य कार्यकर्ती